चिंधूभाऊंची वाहनगणना

चिंधूभाऊंना कुणी "तुमची मेंढरं किती?" असं विचारलं, की ते फक्त "हायेत" म्हणायचे. दहा आहेत की शंभर आहेत, याचा पत्ता लागू द्यायचे नाहीत. फारच खोदून विचारलं तर "देवाच्या दयेनं हायेत" एवढी भर पडायची. मेंढरांचा आकडा तोंडाने बोलला की कळपाला दृष्ट लागते, हे त्यांच्या घरात आजोबा-पणजोबांपासून चालत आलेलं होतं. आणि अशा माणसाला आमच्या खात्याने वर्षानुवर्षं कोणत्या कामाला बसवलं होतं, तर मोजायला.

मी तेव्हा रस्त्यांच्या खात्यात शाखा अभियंता म्हणून जुन्नरला नवीनच रुजू झाले होते. मूळची मी सांगलीकडची, सपाट मुलखात वाढलेली. आमच्या शाखेकडे जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतले काही रस्ते होते. खाली निरगुडसरच्या बाजूचे ऊस-कांद्याच्या पट्ट्यातले, आणि वर तळेघरकडचे डोंगरातले. या रस्त्यांवर खडी पसरणारे, गटारं उकरणारे, झाडांच्या बुंध्यांना रंग देणारे जे मैलकुली असतात, त्यांचे चिंधूभाऊ मुकादम. माझ्या आधीच्या अभियंत्यांनी चार्ज देताना टेबलावर तीन गोष्टी ठेवल्यासारखं सांगितलं, "कपाटाच्या किल्ल्या या. जीपची चावी ही. आणि हे चिंधूभाऊ." किल्ल्या कपाटाला लागल्याच नाहीत. बाकी दोन गोष्टी मात्र चांगल्या चालल्या.

उंची बेताची, अंग वाळकं, मिशा पांढऱ्या आणि भुवया अजून काळ्या. डोक्यावर टोपी, अंगात खात्याने दिलेलं नारिंगी जाकीट. हे चमकत्या पट्ट्यांचं जाकीट ते लग्नालाही घालून जायचे. पुतण्याच्या लग्नाच्या प्रत्येक फोटोत नवरानवरीच्या मागे एक नारिंगी ठिपका आहे आणि फ्लॅश पडला की तोच सगळ्यांत आधी चमकतो. त्यांच्या बायकोने मला तो अल्बम उघडून दाखवला होता. "सांगा आता म्याडम," त्या म्हणाल्या, "लगीन कुणाचं व्हतं, ते कळतंय का?"

रस्त्यावरचे खड्डे चिंधूभाऊ नावाने ओळखायचे. ज्या साहेबांच्या कारकिर्दीत खड्डा पडला, त्या साहेबांचं नाव त्याला मिळायचं. साहेब बदलून परभणीला जायचे, खड्डा आंबेगावात राहायचा. "म्याडम, जरा सावकाश. म्होरं देसाई सायेब हायेत," असं त्यांनी पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा मी जीप बाजूला घेऊन, ओढणी नीट करून, नमस्काराच्या तयारीत उतरले होते. मग माझ्या नावाचा खड्डा कोणता, असं मी एकदा धीर करून विचारलं. ते गंभीरपणे म्हणाले, "अजून पडला न्हाई. तुमाला रुजू हून आठच म्हयनं झालं." त्यांच्या बोलण्यात दिलासा होता, पण घाई करू नका असंही होतं.

एकदा संध्याकाळी त्यांच्या घरी चहा प्यायला थांबले होते, तेव्हा मेंढरं माघारी आली. घराशेजारी जाळीचा वाडा लावलेला होता. चिंधूभाऊ वाड्याच्या तोंडाशी उभे राहिले. बोट नाही, ओठ हलणं नाही. सगळी आत गेल्यावर एक क्षणभर नुसते बघत राहिले आणि म्हणाले, "कानफाटी न्हाई." मग जाऊन ओढ्यातून एका मेंढीला हाकत घेऊन आले. तिचा एक कान खरोखर फाटलेला होता. मी इंजिनियरिंगला गणितात पहिली आलेली मुलगी. मी मनातल्या मनात ती मेंढरं तीनदा मोजली होती आणि तीनदा वेगळा आकडा आला होता.

आता मोजणीचं सांगते. एखादा रस्ता रुंद करायचा, मजबूत करायचा, तर त्यावरून गाड्या किती जातात हे आधी दाखवावं लागतं. त्यासाठी आमचं खातं वाहनगणना करतं. रस्त्याच्या कडेला तंबू ठोकायचा, सात दिवस बसायचं, आणि समोरून गेलेल्या प्रत्येक वाहनामागे छापील कागदावर एक काडी ओढायची. चार काड्या उभ्या, पाचवी आडवी. मोटारसायकलचा रकाना वेगळा, ट्रॅक्टरचा वेगळा, बैलगाडीचासुद्धा वेगळा. मग तो कागद आमच्याकडून पुण्याला जातो, तिथे त्याची बेरीज बघतात आणि रस्त्याचं नशीब ठरवतात.

निरगुडसरच्या बाजूला आम्ही तंबू ठोकला, त्या वर्षीची गोष्ट. पहिल्या दिवशी रस्ता सुनसान. ऐन कांद्याच्या हंगामात दिवसभरात चार मोटारसायकली आणि एक कुल्फीची गाडी. दोन मैलकुली काड्या ओढायला बसवलेले, ते पेन कानावर ठेवून पेंगत होते. मला वाटलं, कुठेतरी रास्ता रोको असणार. चिंधूभाऊ तंबूच्या दोरीला टेकून उभे होते. ते म्हणाले, "म्याडम, गाड्या लपल्यात."

झालं होतं ते असं. कुणीतरी गावात सांगितलं, की गाड्या जास्त दिसल्या तर रस्ता रुंद होणार आणि रस्ता रुंद झाला की दोन्ही बाजूंची शेतं कापली जाणार. त्यामुळे अख्ख्या गावाने पिकअप, टेम्पो, ट्रॅक्टर कालव्याच्या कच्च्या वाटेने वळवले होते. बिचारे आमच्यापासून वाचण्यासाठी तीन किलोमीटर वळसा घालून कांदा नेत होते. मी म्हटलं, आपण सरपंचांना पत्र देऊ. चिंधूभाऊ म्हणाले, "पत्र कशाला? मी जाऊन येतो." आणि ते घरोघर गेले. कुणाला काही जाब विचारला नाही. दारात उभं राहून नुसती चौकशी केली. "पिकअप आजारी हाय का? न्हाई, दिसली न्हाई म्हून आलो. तुमचा ट्रॅक्टर कुटं गेला? काल नव्हता, आज नव्हता, घरात सगळं ठीक हाय ना?" आजारी माणसाच्या समाचाराला यावं तसे ते गाडीच्या समाचाराला येत होते. लोकांना लाज वाटली की हसू आलं, सांगता येत नाही. तिसऱ्या दिवसापासून गाड्या रस्त्यावर दिसायला लागल्या. एक म्हातारे बागायतदार तर तंबूपाशी पिकअप थांबवून ओरडले, "लिव्ह रं बाबा. हाय जिवंत."

पण मला सांगायचं आहे ते कातळवाडीचं.

तळेघरच्या वर डोंगरात कातळवाडी आहे. भात, नाचणी आणि रानातला हिरडा यांवर जगणारी पन्नासेक घरं. तळेघरपासून वाडीपर्यंत रस्ता आहे असं नकाशा म्हणतो. प्रत्यक्षात एका जीपच्या रुंदीची, उखडलेली वाट, आणि ओढ्याच्या वर असं एक वळण, की तिथे एसटी वळूच शकत नाही. वाडीची मागणी एकच होती. ते वळण सरळ करा, रस्ता नीट करा, म्हणजे बस येईल. नाहीतर तळेघरपर्यंत चालत, डोक्यावर ओझं घेऊन. नामदेव नावाच्या माणसाची एक जुनी जीप होती, ती भरली की निघायची आणि भरेपर्यंत कुणी म्हातारं झालं तरी थांबायची.

या रस्त्याचा प्रस्ताव आम्ही पुण्याला पाठवायचो आणि तो परत यायचा. शेरा ठरलेला, 'वाहतूक अपुरी.' मी असताना तो परत आला, तेव्हा माझं डोकं सणकलं. मी म्हटलं, बघूया तरी मागच्या सगळ्या गणना. कातळवाडीला गाड्या इतक्या कमी की तिथे मोजायला एक माणूस पुरायचा, आणि तो माणूस अकरा वर्षं एकच होता. चिंधूभाऊ. इतर कुणी त्या माळावर सात दिवस बसायला तयार नसायचं. ते आनंदाने जायचे. वाडीतली माणसं त्यांना भाकरी आणून द्यायची, आणि त्यांना तिथे गावच्या माणसासारखं वाटायचं.

मी कागद उलगडले. पहिल्या पानावर 'जाणारी वाहने', दुसऱ्या पानावर 'येणारी वाहने'. पहिल्या पानावर जीपच्या रकान्यात एक काडी. मोटारसायकलींच्या रकान्यात पाचसात. दुसरं पान कोरं, आणि खाली चिंधूभाऊंच्या सातवी पास अक्षरात एक ओळ: 'सर्व माघारी आली.'

दुसऱ्या दिवशी तेच. 'सर्व माघारी आली.' तिसऱ्या दिवशी, 'सर्व सुखरूप आली.' एका वर्षी पाचव्या दिवशी होतं, 'एक जीप आली नाही. शोध घेतला. तळेघरी पंक्चर.' आमच्या कारकुनाने अकरा वर्षं दुसऱ्या पानाची बेरीज शून्य धरली होती. कागद पुण्याला जात होता आणि पुण्याचं खातं बिनचूक गणित करून रस्ता नामंजूर करत होतं.

मी त्यांना बोलावलं. कागद पुढे ठेवले. "चिंधूभाऊ, नामदेवची जीप दिवसाला किती फेऱ्या करते?"

"तीन. लगीनसराईत चार."

"मग इथे एकच काडी का?"

"जीप एकच हाय की."

"पण ती तीनदा गेली आणि तीनदा आली. म्हणजे सहा काड्या."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मला माझी पदवी जाते की राहते असं झालं. मग समजुतीच्या सुरात म्हणाले, "म्याडम, मेंढरू सकाळी चरायला गेलं आन सांच्याला माघारी आलं, तर ती दोन मेंढरं झाली का?"

मला हसू आवरेना. मी टेबलावर डोकं ठेवून हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. बाहेरून शिपाई डोकावून गेला. चिंधूभाऊसुद्धा थोडे हसले, मॅडमला आनंद झाला म्हणून. मग मी डोळे पुसून त्यांना गणनेचा नियम समजावून सांगितला. रस्त्याला जीप किती आहेत याच्याशी कर्तव्य नसतं, त्याच्या अंगावरून चाकं किती वेळा गेली याच्याशी असतं. त्यामुळे प्रत्येक फेरीला काडी. जाताना वेगळी, येताना वेगळी.

ते ऐकत होते. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्यांनी एक कागद उचलला, दुसरा उचलला, शेऱ्याचं पत्र बोटाखाली धरून अक्षर अक्षर वाचलं. "म्हंजी," ते म्हणाले, "त्यांचा रस्ता मी अडिवला."

मी म्हटलं, तसं नाही, कुणी सांगितलंच नाही तुम्हाला, कारकुनाने बघायला हवं होतं, मी बघायला हवं होतं. त्यांच्या कानापर्यंत काही गेलं नाही. टोपी काढून हातात घेतली आणि निघून गेले. मला माझ्या हसण्याची इतकी शरम वाटली, की त्या दिवशी जेवणाचा डबा तसाच घरी नेला.

दोन दिवस ते कामावर आले नाहीत. नोकरीत न सांगता राहिलेले ते पहिलेच दोन दिवस. मग कळलं, ते तळेघरला एसटीने गेले, तिथून कातळवाडीला चालत गेले आणि देवळापुढे माणसं जमवून सांगितलं, की तुमचा रस्ता माझ्यामुळं झाला न्हाई. मी चुकीचं मोजलं. काय बोलायचं ते बोला.

पण कुणाचा विश्वासच बसला नाही. चिंधूभाऊ चुकीचं मोजतील, हे त्यांना पटेना. कुठल्यातरी साहेबाने स्वतःची चूक गरीब माणसाच्या माथी मारली, असं सर्वानुमते ठरलं. तो साहेब म्हणजे अर्थातच मी. पारूबाई म्हणून वाडीतली सगळ्यांत म्हातारी बाई होती, तिने चिंधूभाऊंना बसवून नाचणीची भाकरी वाढली आणि म्हणाली, "ती म्याडम कशी हाय ते कळलं आमाला. तू खा." पुढे मी वाडीत गेले, तेव्हा मला चहासुद्धा लवकर मिळाला नाही.

चिंधूभाऊंच्या निवृत्तीला तेव्हा दहा महिने उरले होते. त्यांच्या हाताने व्हायची अशी एकच गणना शिल्लक होती. ते माझ्याकडे येऊन म्हणाले, "म्याडम, या टायमाला बराबर लिव्हतो. पर खरं तेच लिव्हणार." मी म्हटलं, मला खरंच हवंय.

वाडीने मात्र वेगळी तयारी केली होती. फेऱ्यांना काडी असते ही बातमी तिथे पोचली होती. गणनेच्या पहिल्या दिवशी मी दहा वाजता तंबूवर गेले, तर त्या उजाड वाटेवर जत्रेसारखी गर्दी. नात्यागोत्यातून, खालच्या गावांतून गाड्या मागवलेल्या. ट्रॅक्टर, टेम्पो, मोटारसायकली, आणि एक लग्नाच्या बँडची गाडी, तिच्यावर कर्णे तसेच. सगळ्या वर जात होत्या आणि खाली येत होत्या. नामदेवच्या जीपमधून वाफ निघत होती. आणि रस्त्याच्या मधोमध नारिंगी जाकिटात चिंधूभाऊ.

"कुटं निघाला?" ते ट्रॅक्टरवाल्याला विचारत होते.

"खाली."

"कशाला?"

ट्रॅक्टरवाला विचारात पडला. "वर यायला," तो म्हणाला.

"घरी जा," चिंधूभाऊ म्हणाले.

मी त्यांना बाजूला घेऊन हळूच सांगितलं, की नियमाने पाहिलं तर चाक गेलं की काडी. का गेलं, हे विचारायचा रकानाच नाही. मी कबूल करते, माझ्या मनात पाप होतं. त्या बँडच्या गाडीसकट सगळं लिहिलं असतं तर प्रस्ताव एका दमात मंजूर झाला असता. ते म्हणाले, "अकरा वरसं कमी लिव्हलं ते चुकून. आता जादा लिव्हलं तर ते जाणून हुईल." दुपारपर्यंत त्यांनी सगळी वरात माघारी पाठवली. वाडीतले लोक चिडले. त्या दिवशी त्यांना भाकरी आली नाही, मीच डबा अर्धा केला.

चौथ्या दिवशी बेरीज करून बघितली. जाणारी, येणारी, सगळी धरून. तरीही कमीच पडत होती. बसच नाही, रस्ताच धड नाही, तर गाड्या येणार कुठून? आणि गाड्या नाहीत म्हणून रस्ता नाही. मी कपाळाला हात लावून बसले. चिंधूभाऊ समोरच्या वाटेकडे बघत होते. डोक्यावर हिरड्याची गाठोडी घेतलेल्या दोन बाया उतरत होत्या. पुढची पारूबाई होती.

"ह्यांचा रकाना कुटला?" त्यांनी विचारलं.

"चालणाऱ्यांचा रकाना नसतो, चिंधूभाऊ."

"बैलगाडीचा हाय."

"आहे."

"आन माणसाचा न्हाई."

ते उठले, तळेघरच्या दुकानातून शाळेची दोनशे पानी वही घेऊन आले आणि उरलेले तीन दिवस तिच्यात लिहीत राहिले. कोण, डोक्यावर काय, कुठे, किती वाजता, आणि चालत का. जाताना वेगळी नोंद, येताना वेगळी नोंद, आता नियम पक्का पाठ झाला होता. इतकंच नाही, तर आधीच्या चार दिवसांतलंही सगळं त्यांनी आठवून लिहिलं. वाड्याच्या तोंडाशी उभं राहून बघणाऱ्या त्या माणसाला ते काही अवघड नव्हतं. 'बाळंतीण, दोन माणसांचा आधार, तळेघर दवाखाना, बस नाही म्हणून.' 'मास्तर, पुस्तकांचा गठ्ठा, बस नाही म्हणून.' 'पारूबाई, हिरड्याचं गाठोडं, बस नाही म्हणून.' पारूबाई सातही दिवस गेली आणि आली. तिच्या एकटीच्या चौदा नोंदी.

मी ती वही प्रस्तावाला जोडली. अशी वही जोडायची कोणतीही तरतूद नाही. पुण्याहून मोठे साहेब पाहणीला आले, तेव्हा त्यांनी ती दोन बोटांनी उचलून मला विचारलं, "हे काय आहे?" मी तोंड उघडायच्या आत चिंधूभाऊ पुढे झाले.

"सायेब, तुमचा फारम जे हाय ते मोजतो," ते म्हणाले. "आमच्यात आदी न्हाई ते बगत्यात. हायेत ती कुटं जात्यात? न्हाई त्याचा शोध घ्यावा लागतो. ह्या रस्त्यावर बस न्हाई. ती कुणाच्या डोक्यावर बसलीय, ते ह्या वहीत हाय."

साहेब बराच वेळ वही वाचत उभे राहिले. मग त्यांनी त्या ओढ्यावरच्या वळणापर्यंत चालत जायचं ठरवलं. चामडी बूट होते, तीनदा घसरले. परत येताना चिंधूभाऊंनी त्यांना हात दिला होता. जाताना साहेब एवढंच म्हणाले, की बघतो. पण प्रस्ताव त्यानंतर परत आला नाही. वर्षभरात वळण कापलं, ओढ्यावर मोरी बांधली, डांबर पडलं. तोवर चिंधूभाऊ निवृत्त झालेले होते, पण कामावर रोज यायचे आणि नव्या मुकादमाला भंडावून सोडायचे.

पहिली बस निघाली तो दिवस मला लख्ख आठवतो. तळेघरला हार, नारळ, पेढे, भाषणं. मोठे साहेबही आले होते. पारूबाईने नारळ फोडायचा आणि पुढच्या सीटवर बसायचं, असं वाडीने ठरवलं होतं. ऐन वेळी नारळ सरपंचांनीच फोडला. बस खच्चून भरली. चिंधूभाऊ दारात उभे राहिले, आतून एक नजर फिरवली आणि खाली उतरले.

"पारूमावशी न्हाई," ते मला म्हणाले.

बस पाहुण्यांच्या घाईने सुटली. आम्ही दोघं माझ्या जीपने मागून निघालो. ओढ्याच्या वर, नव्या वळणावर पारूबाई भेटली. डोक्यावर गाठोडं, पदर खोचलेला, चालली होती आपल्या चालीने. चिंधूभाऊंनी उडीच टाकली.

"मावशी, बस सोडून चालत का?"

"मला गाडी लागती, बाबा," पारूबाई म्हणाली. "पयल्यापासनं. एकडाव नामदेवाच्या जीपमदी बसले, तर त्याच्या टोपीत वकले. तवापासनं चाक म्हणलं की मला मळमळतं."

"मग येवढं दिस सांगितलं का न्हाईस?"

"तू कवा इचारलंस? तू आपला लिव्हत बसला व्हतास."

त्यांनी टोपी काढली. कागद बघितल्यावर काढली होती, तशीच. माझ्याकडे वळून म्हणाले, "म्याडम, चौदा नोंदी खोट्या निघाल्या." मी काही बोलायच्या आत पुढचं आलं. "आता रस्ता माघारी घेत्याल का?"

मी शपथ घेऊन सांगितलं, की घातलेलं डांबर कुणी काढून नेत नाही. त्यांना ते पुरेसं वाटलं नाही. मोठे साहेब वर वाडीतच आहेत, आत्ता जाऊन कबूल करतो, असं म्हणायला लागले. पारूबाई वैतागली. "काय कबूल करतूस? रस्ता चांगला झाला म्हून तर चालती मी. पायाला खडी टोचत न्हाई आता. लिव्ह तसं. आन आदी हे गठुडं धर."

शेवटी तोडगा निघाला. नोंदी मी दुरुस्त करायच्या आणि प्रत्येक दुरुस्तीवर सही करायची. दुसऱ्या दिवशी मी खरोखरच आमच्या फाइलमधली वहीची प्रत काढून चौदा ठिकाणी 'बस नाही म्हणून' खोडलं, 'गाडी लागते म्हणून' लिहिलं आणि चौदा सह्या केल्या. नोकरीत मी हजारो सह्या केल्या असतील. त्या चौदा करताना मला जेवढं बरं वाटलं, तेवढं पुन्हा कधी वाटलं नाही. मला त्या माणसाचा फार लळा लागला होता, हे मला तेव्हा कळलं.

लवकरच माझी बदली झाली, आणि चिंधूभाऊंना मी नीट पाहिलं ते पहिल्या बसच्या दिवशी, त्या वळणावर शेवटचं. मी जीप खालच्या दिशेला वळवून, इंजिन बंद करून मिनिटभर थांबले होते. ते गाठोडं डोक्यावर घेऊन पारूबाईच्या बरोबरीने चढ चढत होते. नव्या रस्त्यावर ना खडी वाजत होती ना गाडी, त्यामुळे त्यांचं बोलणं मला स्वच्छ ऐकू येत होतं.

"मावशी, तुज्यासंगं ती हिरव्या लुगड्याची चालायची, ठकूबाय. तिच्या बारा नोंदी हायेत. तिला बी गाडी लागती का?"

"मला काय ठावं? तिलाच इचार."

"घरी आसंल का आत्ता?"